फाट्याची घरपट्टी

आमदार किती निधी आणतो, यावरून मी वर्षानुवर्षं माणूस तोलत आलो. आळेफाट्यावर गाळा चालवणाऱ्याला दुसरं माप सुचतही नाही. जिकडे पाहावं तिकडे ‘यांच्या प्रयत्नांतून, इतके लाख’ असे फलक. घरपट्टी मात्र मार्चअखेरीस कुरकुरत भरायची. सरकार कोटींनी देतं, आपल्या चार पैशांवाचून कुणाचं अडलंय?

२०२१ मध्ये हे डळमळलं. रस्त्यावरच्या दिव्यांची बिलं पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतून भरा, असं राज्य सरकारने ग्रामपंचायतींना सांगितलं. थकबाकीपोटी ठिकठिकाणी गावं अंधारात गेली, सरपंच चिडले. हा आयोगाचा पैसा असतो तरी कसा, हे मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. शंभरातले साठ रुपये बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. चाळीस अबंधित, पण त्यांतूनही पगार द्यायचे नव्हते. मग झाडणाऱ्या बाईचा पगार? त्यासाठी गावाने आपला पैसाही उभा करायचा.

आणि वाटपाला आधार होता २०११ च्या जनगणनेचा! फाट्याचं दुखणं नेमकं इथे आहे. पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर रस्ते इथे एकमेकांना छेदतात. वस्ती आळे, वडगाव आनंद अशी वेगवेगळ्या ग्रामपंचायतींत विभागलेली. कांद्याच्या लिलावाला गाड्यांची रांग लागते. त्या लिलावाची फी बाजार समितीकडे जाते, पंचायतीकडे नाही. एसटीतून उतरलेला माणूस वडापाव खातो, कागद टाकतो आणि माळशेजच्या गाडीत बसतो. शिरगणतीत तो ठाण्याचा नाहीतर संगमनेरचा. त्याच्या कचऱ्याचा रुपया दिल्लीहून कसा येणार? तो माझ्याच गल्ल्यात पडलेला असतो.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या पंचायतींच्या उत्पन्नात स्वतःच्या करांचा वाटा शंभराला जेमतेम एक रुपया निघाला. फलकांचं पीक का येतं, ते कळलं.

म्हणून २०२५ अखेरीस थकीत घरपट्टीत निम्मी सूट देण्याची मुभा ग्रामपंचायतींना मिळाली, तेव्हा मी गाळ्यावर बसून उघड विरोध केला. वेळेवर भरणाऱ्याला काय मिळालं? शेजारी म्हणाला, “अप्पा, तुमची तरी कधी वेळेवर होती?” नव्हतीच. पण आता पावती खिशात ठेवून ग्रामसभेत विचारतो, लिलावाच्या दिवशी झाडायला जादा माणसं का नसतात. अजून उत्तर आलेलं नाही; पुढच्या सभेतही विचारणार आहे.