कोरडा कागद

१९९० सालची गोष्ट. माझी दहावीची परीक्षा संपली होती. निकालाला बराच अवकाश होता. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात कामाला होते. ते मला म्हणाले, "घरी बसून वेळ घालवू नकोस. हाताचे काही काम शीक." दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला नाशिक फाट्याजवळच्या एका गॅरेजात नेऊन सोडले.

गॅरेज कसले, पत्र्याची एक शेड होती. भिंतीवर खिळ्यांना पाने टांगलेले होते आणि कोपऱ्यात रॉकेलचा डबा होता. गॅरेजच्या मालकांना सारी वस्ती 'चाचा' म्हणत असे. मीही त्यांना चाचाच म्हणू लागलो.

पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ साली झाली. तोवर या भागात शेकडो कारखाने उभे राहिले होते. पाळी सुटली, की रस्ता सायकली, स्कूटर आणि मोटारसायकलींनी भरून जाई. आकुर्डीला तयार झालेल्या बजाजच्या स्कूटर तर सगळीकडे दिसत. त्यांच्या गर्दीत राजदूत, बुलेट, येझदी या मोटारसायकलीही असत. कधी एखादी जुनी जावा दिसली, की चाचा हातातले काम थांबवून तिच्याकडे पाहत. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातली गाडी. १९६१ पासून ती आपल्याकडे म्हैसूरला तयार होऊ लागली. पुढे तिथल्याच गाड्यांना येझदी हे नाव मिळाले. किक मारायचा आणि गिअर बदलायचा दांडा एकच, ही या गाड्यांची गंमत! म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला.

एका दुपारी चाचा सुटे भाग आणायला पुण्याला नाना पेठेत गेले होते. गॅरेजात मी एकटाच होतो. तेवढ्यात एक काका आपली जुनी जावा घेऊन आले. गाडीला पेट्रोलचा वास येत होता. कार्ब्युरेटरच्या तळाशी थेंब जमून खाली पडत होते. काकांना रात्रपाळीला जायचे होते. ते म्हणाले, "जरा लवकर बघ, बाळा."

महिनाभर काम करून मला वाटू लागले होते, की मला सारे येते. मी पेट्रोलचा कॉक बंद केला, फडक्याने सारे पुसून काढले आणि कार्ब्युरेटरच्या वाटीचे स्क्रू घट्ट आवळले. पाच मिनिटे वाट पाहिली. एकही थेंब पडला नाही. मी ऐटीत म्हणालो, "झाले, काका!" त्यांनी मला दहा रुपये दिले आणि ते निघून गेले.

संध्याकाळी चाचा परतले. मी मोठ्या अभिमानाने सारे सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "बेटा, तू पाहिलेस तेव्हा कॉक चालू होता, की बंद?"

"बंद," मी म्हणालो, आणि माझा चेहराच उतरला. कॉक बंद असताना टाकीतून पेट्रोल येणारच कुठून? मी गळती थांबवली नव्हती, फक्त डाग पुसला होता.

चाचांनी लगेच स्कूटर काढली. आम्ही भोसरीला त्या कारखान्याच्या फाटकाशी पोचलो, तेव्हा पाळी सुरू झाली होती. बाहेर दुचाकींची रांग लागली होती. काकांची जावा मधोमध उभी होती. घाईत ते कॉक बंद करायला विसरले होते. गाडीखालची जमीन ओली झाली होती. दहा पावलांवर पहारेकरी विडी ओढत बसला होता.

चाचा दुरूनच ओरडले, "भाऊ, आधी विडी विझवा! मग बोलू."

पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते. म्हणून ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंतही जाऊन पोचते. चाचांनी हे मला नंतर समजावून सांगितले. पण त्या क्षणीच माझे पाय लटपटू लागले होते. तिथे पन्नास-साठ गाड्या होत्या आणि आत शेकडो माणसे काम करत होती.

पहारेकऱ्याने काकांना बोलावून आणले. त्यांच्या परवानगीने आम्ही गाडी ढकलत गॅरेजात आणली. वाटभर चाचा मला एक शब्दही बोलले नाहीत. ते रागावले असते, तर मला बरे वाटले असते.

गाडी उघड्यावर उभी करून त्यांनी पेट्रोल एका डब्यात काढले आणि डब्याला झाकण लावले. विजेचा दिवा दूर, उंचावर टांगला. मग ते म्हणाले, "थेंब जिथे पडतो, तिथेच दुखणे असते असे नाही. पेट्रोल वरून खाली येते. आपण खालून वर जायचे."

आम्ही खालून वर जाऊ लागलो. कार्ब्युरेटरच्या वाटीत एक तरंगता फ्लोट असतो. पेट्रोल वाढले, की तो वर उचलला जातो आणि त्याची सुई पेट्रोलची वाट बंद करते. घरावरच्या पाण्याच्या टाकीतला गोळा असेच काम करतो. आम्ही वाटी उघडली. सुईच्या टोकाशी गंजाचा बारीक कण अडकला होता. त्यामुळे वाट पुरती बंद होत नव्हती आणि वाटी भरून वाहत होती.

मी सुई पुसू लागलो. चाचांनी माझा हात धरला. "हा कण आला कुठून?"

कॉकची जाळी काढून पाहिली, तर ती गंजाने भरलेली. टाकीत डोकावलो, तर तळ तांबूस झालेला. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतली ओल जमते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते आणि पत्रा गंजू लागतो. एका थेंबाचे मूळ इतक्या वर होते!

आम्ही टाकीत थोडे रॉकेल आणि मूठभर लहान नट घालून ती आळीपाळीने खूप वेळ हलवली. गंज सुटून बाहेर आला. मग टाकी धुतली, जाळी साफ केली, सुई बदलली, कॉकला नवा वॉशर घातला. पेट्रोल भरून चाचांनी कॉक चालू केला आणि गाडीखाली वर्तमानपत्राचा कोरा कागद अंथरला.

"आता काय करायचे?" मी विचारले.

"आता थांबायचे," ते म्हणाले.

पहाटेची अजान झाली, तेव्हा कागद कोरडा होता.

सकाळी पाळी सुटायच्या आत आम्ही गाडी फाटकाशी नेली. चाचांनी मला पुढे केले. मी खाली मान घालून म्हणालो, "काका, काल मी गाडी नीट तपासली नव्हती. चूक माझी होती." आणि दहा रुपये त्यांच्या हातावर ठेवले. काका क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आता ही गाडी मी तुझ्याकडेच आणीन."

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. मी पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलो आणि आज चाकणच्या एका कारखान्यात काम करतो. तिथे पेट्रोलच्या नव्या टाक्या हवा भरून पाण्यात बुडवतात. एक बुडबुडा निघाला, तरी ती टाकी बाजूला काढतात. यंत्रे नवी आहेत, पण प्रश्न चाचांचाच आहे : नीट तपासले का?

सुटीच्या दिवशी मी अजून जुन्या मोटारसायकली दुरुस्त करतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतली ओल शोषून घेते. जुन्या गाड्यांतल्या रबराच्या नळ्या आणि बुचाचे वॉशरही त्याने लवकर खराब होतात. म्हणून पूर्वीपेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते. काम संपले, की मी कॉक चालू करतो, गाडीखाली कोरा कागद अंथरतो आणि थांबतो. माणूस "झाले" म्हणू शकतो. कागद मात्र खरे तेच सांगतो.