जास्तीच्या पन्नास युनिटांचा हिशेब

व्यापारी कुटुंबात नवे मालवाहन येते तेव्हा केवळ चार चाके येत नाहीत. पुढच्या सात-आठ वर्षांचे भांडवल, व्याज आणि घसारा त्याच्याबरोबर दारात उभे राहतात. विजेवर चालणाऱ्या ट्रकने या जुन्या हिशेबात एक नवा रकाना वाढवला आहे. डिझेलच्या गाडीची टाकी मोठी की लहान, याचा विचार कोणी फारसा केला नाही, कारण रिकाम्या टाकीला काही किंमत नसते. बॅटरीचे तसे नाही. तिचे प्रत्येक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास वीज साठवण्याची जागा, आधीच विकत घ्यावे लागते. मग ते रोज वापरात येवो अथवा न येवो.

नागपूरच्या इतवारीत किराणा व धान्याचा घाऊक व्यवहार करणाऱ्या एका घरात हाच प्रश्न काही आठवडे जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचला होता. जुना डिझेल ट्रक मोडीत काढण्याच्या वयाला आला होता आणि सात टन एकूण वजनाच्या विजेच्या ट्रकचे दोन पर्याय समोर होते. एकात सुमारे ६० युनिटांची बॅटरी, दुसऱ्यात ११० युनिटांची. किमतीतला फरक पाच लाखांचा होता. मुलाचा कल मोठ्या बॅटरीकडे होता. वडिलांनी चाळीस वर्षे स्वतःच्या हाताने रोजमेळ लिहिलेला. नकार देण्याआधी आणि होकार देण्याआधीही कागद-पेन्सिल घ्यायची, ही त्यांची सवय.

मुलाचा युक्तिवाद सरळ होता. "बाबा, नागपूर देशाच्या मध्यावर आहे. इथून चारी दिशांना रस्ते जातात. गाडी अर्ध्या वाटेत थांबणार असेल तर ती घ्यायची कशाला?" त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. उत्तर-दक्षिण राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम महामार्ग ५३ नागपुरातच भेटतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग येथूनच निघतो. त्याचा शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. एवढे रस्ते समोर असताना लांबचा पल्ला हवासा वाटणे स्वाभाविकच.

वडिलांनी मात्र रस्ते मोजले नाहीत, फेऱ्या मोजल्या. त्यांनी मुलाला एवढेच सांगितले, "अरे, रस्ता कुठवर जातो ते सोड. आपला माल कुठवर जातो ते वहीत बघ."

वहीतून निघालेले चित्र असे होते. भरलेली गाडी एका युनिटात सरासरी दोन किलोमीटर जाते असे धरले, तर लहान बॅटरीचा पल्ला १२० किलोमीटर होतो. वाटेत अडकू नये म्हणून पंधरा टक्के वीज राखून ठेवली की खात्रीचे अंतर उरते सुमारे शंभर. मोठ्या बॅटरीचे याच रीतीने सुमारे १८५. इतवारीहून कळमना, वाडी, हिंगणा, कामठी, बुटीबोरी या नेहमीच्या फेऱ्या शंभराच्या पुष्कळ आत बसतात. उमरेडची जाऊन-येऊन जेमतेम बसते. काटोल आणि भंडारा यांची परतीसह फेरी १२० ते १३० किलोमीटरच्या आसपास जाते, वर्ध्याची १५५ च्या. अमरावती आणि चंद्रपूर मात्र जाऊन-येऊन तीनशेच्या घरात.

येथेच मुलाच्या लक्षात एक गोष्ट आली. अमरावतीची फेरी लहान बॅटरीने होत नाही, तशी ती मोठ्या बॅटरीनेही होत नाही. दोन्ही गाड्यांना वाटेत चार्जिंग करावेच लागते. म्हणजे जादा पाच लाखांनी सारे लांबचे रस्ते खुले होत नाहीत. त्यांनी विकत मिळतो तो शंभर ते एकशे पंच्याऐंशी किलोमीटरमधला पट्टा. तेव्हा वहीतून शोधायची गोष्ट एकच उरली: वर्षातले किती दिवस गाडी नेमकी या पट्ट्यात धावते?

जादा बॅटरीचा वार्षिक भार काढणे अवघड नव्हते. पाच लाख आठ वर्षांत विभागले की घसारा साडेबासष्ट हजार. सरासरी अडकलेल्या अडीच लाखांवर दहा टक्क्यांनी व्याज पंचवीस हजार. एकूण ८७,५०० रुपये दरसाल. मधल्या पट्ट्यातल्या फेऱ्या वर्षाला १७५ असतील, तर अशा प्रत्येक दिवसामागे हा भार ५०० रुपये पडतो आणि मोठी बॅटरी खुशाल घ्यावी. त्या २५ च असतील, तर प्रत्येक फेरीमागे साडेतीन हजार पडतात. या घराच्या वहीत काटोल, भंडारा आणि वर्धा मिळून पंचवीसच्या आसपासच दिवस निघाले.

मग त्या पंचवीस दिवसांचे काय करायचे? त्यासाठी तूट किती आहे ते पाहावे लागले. काटोलच्या फेरीला राखीव धरून नऊ-दहा युनिटे कमी पडतात, वर्ध्याच्या फेरीला सव्वीस-सत्तावीस. तीस किलोवॅटच्या जलद चार्जरवर काटोलची तूट वीस मिनिटांत भरते, वर्ध्याची तासाभरात. सार्वजनिक चार्जरवर वीज महाग पडते हे खरे. पण वीस-पंचवीस युनिटांचा जादा दर साडेतीन हजारांच्या जवळपासही जात नाही.

वजनाचा मुद्दाही होता. मालवाहू गाड्यांत आता बहुधा लोह-फॉस्फेट प्रकारच्या लिथियम बॅटऱ्या असतात. त्या टिकाऊ आणि उष्णतेला तुलनेने सोशिक, पण जड. पन्नास युनिटांची जादा बॅटरी साडेतीनशे ते चारशे किलोंनी गाडीचे वजन वाढवते. गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा कायद्याने ठरलेली, म्हणून हे वजन मालातून कापले जाते. तांदूळ-डाळीच्या व्यापाऱ्यासाठी तो प्रत्येक फेरीला पन्नास किलोंच्या सात पोत्यांचा तोटा. कुरमुरे, फरसाण किंवा प्लास्टिकचा माल नेणाऱ्याची गाडी वजनाआधी आकारानेच भरते. त्याला हा तोटा जाणवणारही नाही. एकच बॅटरी एका दुकानाला परवडते आणि शेजारच्या दुकानाला परवडत नाही, ते असे.

तिसरा मुद्दा व्यापाऱ्याला सर्वांत लवकर कळणारा. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार २०१० मध्ये बॅटरीच्या एका युनिटाची जागतिक सरासरी किंमत हजार डॉलरांच्या वर होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलरांवर आली. भाव उतरत असलेल्या मालाचा गरजेपेक्षा जास्त साठा कोणी करीत नाही. त्यात हा माल न वापरताही जुना होतो. बॅटरीचे वय फेऱ्यांनी वाढते तसे दिवसांनीही वाढते, आणि पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात उभी राहिली तर अधिक लवकर वाढते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा शहरात गाडी सावलीत लावणे आणि पहाटे निघण्यापूर्वीच चार्जिंग पूर्ण होईल असे पाहणे, या दोन सवयी फुकट मिळतात आणि बॅटरीला जपतात.

मोठ्या बॅटरीच्या बाजूनेही प्रामाणिकपणे बोलायला हवे. ती रोज पूर्ण रिकामी होत नाही, म्हणून हळू झिजते. जिथे दिवसाला दोनदा गाडी भरावी लागते, तिथे लहान बॅटरी आठ वर्षांत थकून जाईल. दूध, औषधे किंवा वर्तमानपत्रे नेणाऱ्याला वाटेतला तास परवडतच नाही. त्याच्यासाठी जादा किंमत म्हणजे वेळेचा विमा. शिवाय साडेतीन टनांवरच्या विजेच्या ट्रकांना केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५ पासून साहाय्य मिळू लागले. ते वाहनाच्या वजनगटाप्रमाणे बदलते, कमाल ९.६ लाखांपर्यंत जाते आणि जुना ट्रक मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र मागते. बॅटरीला पाच वर्षे किंवा पाच लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोवरची हमी ही या योजनेची अट आहे. विक्रेत्याकडून दोन्ही पर्यायांची साहाय्य वजा जाता किंमत आणि हमीपत्र लेखी मागून घ्यावे, मगच फरक काढावा.

हिशेब असा लहान बॅटरीकडे झुकला असताना घरातल्या ट्रकचालकाला बोलावले गेले. वीस वर्षांपासून तो याच घराची गाडी चालवीत आला होता. त्याने आकडे शांतपणे ऐकले आणि विचारले, "भाऊ, वर्ध्याला तो एक तास मी कुठे बसायचं?"

त्या प्रश्नाने कागदावरचा एक रिकामा रकाना दिसला. लहान बॅटरीने वाचवलेले पैसे मालकाच्या खात्यात जमा होत होते आणि तिने मागितलेला तास चालकाच्या खात्यात नावे पडत होता. नागपूरला याचा अनुभव नवा नाही. २६ मे २०१७ रोजी देशातला विविध प्रकारच्या विद्युत वाहनांचा पहिला एकत्रित प्रकल्प याच शहरात सुरू झाला. टॅक्सी, रिक्षा आणि बस मिळून दोनशे वाहनांची ती योजना होती. पुढे टॅक्सीचालकांची मुख्य तक्रार होती ती चार्जरसमोरच्या रांगांची आणि त्यात बुडणाऱ्या कमाईची. गाडी चांगली असूनही ज्याचा तास बुडतो तो तिच्यावर प्रेम करीत नाही. आणि चालकाच्या मनातून उतरलेले वाहन मालकाला फार दिवस नफा देत नाही.

म्हणून वडिलांनी हिशेबात आणखी एक ओळ लिहिली. काटोल, भंडारा, वर्धा या फेऱ्यांना नेहमीच्या भत्त्याशिवाय थांब्याचा वेगळा भत्ता. ज्या ग्राहकाकडे माल उतरतो त्याच्या जवळचाच चार्जर आधी ठरवायचा, म्हणजे हमाल पोती उतरवून मोकळे होईपर्यंतचा वेळ आणि जेवणाची सुट्टी त्यातच बसेल. मे महिन्यात या फेऱ्या भल्या पहाटे काढायच्या, दुपारच्या उन्हात चालकाला चार्जरशी उभे करायचे नाही. चार्जर बंद आढळला तर भाड्याचे वाहन मागवायचे आणि त्या दिवशीचा चालकाचा भत्ता कापायचा नाही. हे सारे धरूनही वर्षाचा खर्च ८७,५०० च्या पुष्कळ खाली राहिला.

लहान बॅटरीची गाडी नोंदवली गेली. वाचलेल्या भांडवलातून कळमन्याच्या गोदामावर स्वतःचा चार्जर आणि पत्र्याची सावली करायचे ठरले. मुलाने त्याच दिवशी वहीत नवे पान उघडले: तारीख, गाव, किलोमीटर, थांबलेला वेळ. दोन वर्षांनी वर्ध्याकडचा व्यवहार वाढून मधल्या पट्ट्यातल्या फेऱ्या शंभराच्या पुढे गेल्या, तर पुढची गाडी मोठ्या बॅटरीची घ्यायची, हेही त्याच पानाच्या माथ्यावर लिहून ठेवले आहे.

जास्तीची क्षमता वाईट नसते. ती कोणत्या दिवसांसाठी घेतली आणि ती न घेतल्यास कोणाला थांबावे लागेल, या दोन प्रश्नांची उत्तरे तिच्या किमतीच्या शेजारी लिहिलेली असावीत. पहिल्याचे उत्तर वही देते. दुसऱ्याचे उत्तर मिळवायला चालकाला आत बोलावून, बसायला सांगून विचारावे लागते.