पिंजऱ्याआधी गोठा

सिंह शूर, कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, हरीण गरीब. पहिली-दुसरीच्या मुलांना प्राण्यांचे गुण लिहायला सांगितले, की वहीत बहुधा एवढंच उतरतं. अक्षर चांगलं असेल तर शेरा मिळतो आणि धडा संपतो. पण यातला एकही गुण त्या प्राण्याचा नाही. माणसाने माणसांत पाहिलेले हे गुण आहेत, प्राण्यांना ते नुसते चिकटवले आहेत. प्राण्याचा खरा गुण त्याचं शरीर, त्याचं खाणं आणि त्याची राहण्याची जागा यांच्या मेळात असतो. तो सांगून कळत नाही. मुलाने तो आधी स्वतःच्या अंगाने खेळून पाहावा, मग एका वाक्यात मांडावा. आणि सुरुवात प्राणीसंग्रहालयाच्या पिंजऱ्यापासून न करता घरच्या गोठ्यापासून करावी, असं जावळी तालुक्यातल्या मेढ्यासारख्या गावात लहान मुलांना शिकवताना माझं ठाम मत झालं आहे.

मेढ्याहून कात्रजचं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय शंभरेक किलोमीटर लांब. सहल वर्षातून एखादी, तीही ठरली तर. उलट, याच जावळी तालुक्याचा काही भाग कोयना अभयारण्यात येतो आणि ते अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. इथल्या मुलांना गवा शेतात उतरल्याच्या बातम्या नव्या नसतात. तरीही प्राण्यांचा पाठ म्हटला की फळ्यावर जिराफ आणि झेब्रा येतात. जिराफ शिकवू नये असं नाही, पण त्याच्याकडे जाणारी वाट दावणीवरून जाते. शेळीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि उजेडात तिची बाहुली आडव्या फटीसारखी दिसते. मांजराचे डोळे समोर असतात. हे मुलांनी पाहिलेलं असतं, पण का असं कुणी विचारलेलं नसतं. मग खेळ घ्यावा. एक मूल मधे उभं राहतं, डोळ्यांच्या कडेला तळहात आडवे धरतं आणि बाकीचे बाजूने दबक्या पावलांनी येतात. ते हात लावेपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. हात काढले की पुष्कळ आधी चाहूल लागते. दुसरा खेळ दोन पेन्सिलींचा. एक डोळा मिटून त्यांची टोकं समोरासमोर आणून टेकवायची. बहुतेकांचा नेम चुकतो, कारण अंतराचा अंदाज घ्यायला दोन्ही डोळ्यांची नजर एकाच जागी पडावी लागते. चरणाऱ्याला चौफेर पाहायचं असतं, झडप घालणाऱ्याला अंतर मोजायचं असतं. एवढं कळलेलं मूल सांबर, बिबट्या, झेब्रा, वाघ या सगळ्यांचे चेहरे न शिकवता वाचू लागतं.

हत्तीचंही तसंच. एका हाताने नाक धरायचं, दुसरा हात त्या कोंडीतून पुढे काढायचा आणि जमिनीवरचा शेंगदाणा उचलायचा. मुलं हसतात, पण लगेच अडतात. हात फक्त सांध्यांत वाकतो, सोंड हवी तिथे वळते. सोंडेत हाड नाही, नुसते स्नायू आहेत, हे आता सांगितलं तर डोक्यात बसतं. मग चारही बोटं आणि अंगठा जुळवून त्यांवर मोजा चढवायचा आणि पुन्हा शेंगदाणा उचलायचा. आपल्याकडच्या हत्तीच्या सोंडेला टोकाशी बोटासारखा एकच उंचवटा असतो, आफ्रिकेतल्या हत्तीला दोन. म्हणून आपला हत्ती पुष्कळदा वस्तू सोंडेच्या वेटोळ्यात धरतो. खेळ संपला की वही. “हत्ती मोठा प्राणी आहे” हे वाक्य चालणार नाही, कारण ते न खेळताही लिहिता येतं. “सोंडेत हाड नाही म्हणून ती कुठेही वाकते” हे चालेल. वाक्यात कारण आलं, की मुलाने पाहिलेलं आणि विचार केलेलं एकत्र आलं असं समजावं. लेखनाचं खरं काम इथे आहे. खेळात सापडलेली गोष्ट खेळाबरोबर विरून जाते, लिहिली की ती टिकते आणि उद्या तपासताही येते.

सहा वर्षांच्या मुलाला लिहायला लावणं म्हणजे ओझं, असा आक्षेप येतो. ओझं पानभर निबंधाचं असतं, एका वाक्याचं नाही. लिहिता येत नसेल त्याने चित्र काढावं, तोंडाने सांगावं, बाईंनी किंवा गुरुजींनी त्याच्याच शब्दांत ते चित्राखाली उतरवावं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वयाचा टप्पा खेळातून शिकण्याचा मानला. आपल्याकडे ही दृष्टी त्याआधीची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, तेव्हा गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत ओढून आणण्यापेक्षा शाळाच कुरणात नेली. जनावरांमागे फिरणारं मूल अडाणी नसतं, त्याच्या माहितीला नुसती भाषा हवी असते, हे त्या कुरणशाळेने दाखवून दिलं.

दुसरा आक्षेप गोष्टींचा. लबाड कोल्हा काढून टाकला तर पंचतंत्राचं काय करायचं? काही करायचं नाही. गोष्ट गोष्टीच्या तासाला सांगावी, रंगवून सांगावी. तिथला कोल्हा माणूसच आहे आणि मुलांनाही ते ठाऊक असतं. घोटाळा होतो तो गोष्टीतला गुण निरीक्षणाच्या वहीत आला की. सापाचं उदाहरण घ्या. साप डूख धरतो, दूध पितो, पुंगीवर डोलतो, हे सारं आपण गुण म्हणूनच ऐकत आलो. सापाला बाहेरचा कान नाही. तो डोलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून. दूध त्याचं अन्न नाही. आणि डूख धरण्याच्या समजुतीपायी दिसला साप ठेचला जातो. चुकीचा गुण शिकवल्याची किंमत कधी कधी त्या प्राण्याला मोजावी लागते.

उरला शेवटचा प्रश्न: एवढा खटाटोप कशाला, सहल काढा नाहीतर मोबाईलवर दाखवा. मोबाईलवर वाघ सतत धावत असतो. संग्रहालयात तो झोपलेला दिसला की मुलं हिरमुसतात. पण मोठी मांजरं दिवसाचा बराच वेळ पडून काढतात, शिकारीला लागणारी ताकद राखून ठेवतात. म्हणजे झोप हाही गुणच. उलट, पिंजऱ्यात त्याच वाटेवर पुन्हा पुन्हा येरझारा घालणारा प्राणी दिसला, तर तो त्याचा स्वभाव नसून बहुतेक वेळा कोंडून राहण्याचा परिणाम असतो. हा फरक तयारीशिवाय गेलेल्या मुलाला कळणार नाही. तेव्हा सहल जरूर काढा, पण तिच्या आधीचा आठवडा शेळी, मांजर आणि कोंबडीला द्या. प्रत्येक मुलाच्या वहीत जाताना एक प्रश्न असू द्या आणि येताना कारणासकट एक वाक्य. ते वाक्य आलं नाही, तर सहलीचा खर्च वाया गेला असं खुशाल समजा.