एका हंगामाचे संघ

कोल्हापुरी मावळे. झी टॉकीजनं नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘महाराष्ट्र कुस्ती दंगल’ ही लीग भरवली, तिच्यातला आपल्या गावाच्या नावाचा संघ. सोबत यशवंत सातारा, वीर मराठवाडा, विदर्भाचे वाघ वगैरे. मावळ्यांची मालकी सई ताम्हणकरकडे होती. ती सांगलीची, म्हणजे शेजारचीच. कुस्त्या झाल्या पुण्याला, बालेवाडीत, मॅटवर. त्या हंगामानंतर मावळे पुन्हा दिसले नाहीत.

न टिकलेल्या संघांची ही यादी मी त्यांच्यापासून सुरू करतो. नावात कोल्हापूर असलेल्या या संघाची एकही लढत कोल्हापुरात झाली नाही.

खासबाग. शाहू महाराज १९०२ साली विलायतेच्या प्रवासात रोमला गेले, तिथं त्यांनी कलोझियम पाहिलं आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात हे कुस्तीचं मैदान बांधायला घेतलं. १९१२ मध्ये ते उभं राहिलं. मधोमध हौदा, भोवती चढत गेलेली गोलाकार बैठक. सगळ्यात मागं बसलेल्यालाही पट काढताना पैलवानाचा हात नेमका कुठं गेला ते दिसतं. हौद्याच्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर कालवतात. मातीतली कुस्ती चितपटीवर निकाली होते. मॅटवरची तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत, गुणांवर. मॅटशी माझं भांडण नाही. ऑलिंपिक मॅटवर होतं, आणि तिथं १९५२ मध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव याच शहरात शिकले, इथंच तयार झाले. पण त्या नोव्हेंबरात खासबागेत मॅट टाकून मावळ्यांची एक लढत झाली असती, तर गंगावेशीपासून शाहूपुरीपर्यंतच्या तालमी तिथं लोटल्या असत्या. गावानं संघाला आपलं म्हणायला तेवढं पुरलं असतं.

गणपतराव आंदळकर. १९६० चे हिंदकेसरी, न्यू मोतीबाग तालमीचे वस्ताद. १६ सप्टेंबर २०१८ ला गेले. दंगलीला तेव्हा दीड महिना उरला होता. त्यांच्या हाताखाली घडलेला बाला रफिक शेख त्याच वर्षी डिसेंबरात जालन्याला अभिजित कटकेला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. ते नाव इथं शेंबडं पोरगंही सांगेल. १९६१ च्या दिनकर दह्यारींपासून महाराष्ट्र केसरींची सगळी यादी म्हणून दाखवणारे जुने लोक तालमीच्या कट्ट्यावर आजही भेटतात. २०१८ ची दंगल कुणी जिंकली, हे सांगणारा मला या गावात भेटलेला नाही.

भारत एफसी. पुण्याचा फुटबॉल संघ, कल्याणी समूहाचा. या समूहाच्या भारत फोर्जचं नाव आमच्या शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१४ च्या अखेरीस या समूहाला आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये थेट प्रवेश दिला. प्रशिक्षक म्हणून इंग्लंडहून स्टुअर्ट वॉटकिस आले. भारताच्या बचावफळीत वर्षानुवर्षं खेळलेला गौरमांगी सिंग, मुंबईचा स्टीव्हन डायस, गोलकीपर अरिंदम भट्टाचार्य, न्यूझीलंडचा ख्रिस ब्राइट अशी नाव कमावलेली माणसं गोळा झाली. मैदान पुन्हा बालेवाडीचंच. जानेवारी ते मे २०१५ या काळात वीस सामने खेळून संघ अकरा संघांत अकरावा आला. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत तो बंद झाला.

शेवटचा नंबर येणं लाजिरवाणं नसतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खालच्या गटात गेलेले फुटबॉल संघ दोन वर्षांनी वर आलेले आम्ही पाहिले आहेत, आणि त्या दिवशी पेठेत गुलाल उधळला जातो. भारत एफसीला वर येण्याची संधीच कुणी दिली नाही. घरच्यांनीच दिली नाही.

धेंपोची जागा. ही गोष्ट या यादीत हवीच. थेट प्रवेश घेतलेल्या संघाला सुरुवातीला खालच्या श्रेणीत ढकलायचं नाही, असं ठरलेलं होतं. त्यामुळं भारत एफसी तळाला असूनही वाचला, आणि त्याच्या एक पायरी वर, दहाव्या क्रमांकावर असलेला पणजीचा धेंपो खाली गेला. पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला धेंपो! ज्या संघासाठी जागा राखून ठेवली तो पुढच्या हंगामाला मैदानात आलाच नाही. धेंपो आय-लीगमध्ये पुन्हा खेळताना दिसला तो २०२४ मध्ये. नियम कागदावर बरोबर असेल, पण त्या उन्हाळ्यात गोव्याच्या फुटबॉलवर अन्याय झाला असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मोठ्या रकमेचं वचन देणाऱ्या नव्या पाहुण्यासाठी घरच्या जुन्या माणसाला उठवलं गेलं.

पुण्याची डर्बी. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ पासून होता. भारत एफसी आल्यावर एका शहरात दोन संघ झाले. दोघांचं मैदान एकच. लीगमध्ये ते एकमेकांशी दोनदा खेळले, एकदा हा यजमान, एकदा तो. त्याच वर्षी पुणे एफसीनंही व्यावसायिक संघ बंद केला. एका शहरातल्या वैराचं सगळं आयुष्य दोन सामन्यांचं.

आमच्याकडं तालमींच्या फुटबॉलमध्ये पाटाकडील आणि दिलबहार, किंवा पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पोलिसांना जादा बंदोबस्त लावावा लागतो. हुल्लडबाजीचं समर्थन मी करणार नाही. दगडफेकीत डोकी फुटलेली आहेत, आणि त्यापायी सामने थांबले आहेत. पण त्या वैराला आजोबा आहेत. कुठल्या साली टायब्रेकरवर कुणी चेंडू बारवर मारला, हे ज्याचा जन्म त्यानंतर झाला तोही हळहळून सांगतो.

अकादमी. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुणे एफसीच्या अकादमीत गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा तो देशाच्या संघात होता, आणि इथं पेठापेठांत त्याचे फलक लागले. पुणे एफसी बंद पडल्यावर ती अकादमी एफसी पुणे सिटीनं घेतली. २०१९ मध्ये तो संघही मिटला आणि इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबादकडं गेली. संघ मिटतो तेव्हा पगारी खेळाडू दुसरीकडं करार करतात, परदेशी प्रशिक्षक विमानात बसतात. अकादमीतल्या चौदा वर्षांच्या पोराची शाळा, वसतिगृह, जेवण, सराव असं सगळं त्या एका संघाला बांधलेलं असतं. आईबापांनी काळजावर दगड ठेवून त्याला पुण्याला पाठवलेलं असतं. या सगळ्या बेरजा-वजाबाक्यांत मला खरं वाईट वाटतं ते या पोरांचं. अनिकेत निभावला, कारण विश्वचषकासाठी निवड झाल्यावर त्याची जबाबदारी महासंघानं घेतली. बाकीच्यांची नावं कुणी लिहून ठेवली?

२०१५ च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचे तीन संघ होते: पुणे, मुंबई, भारत. तिन्ही आज नाहीत. त्याआधी २०१० मध्ये महिंद्रा युनायटेड गेला, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. नंतर डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये आला, दोन हंगाम खेळला, गेला. कारणं फार गुंतागुंतीची नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली आणि टीव्ही, जाहिराती, नट-क्रिकेटपटू सगळे तिकडं वळले. आय-लीगच्या संघाचा खर्च कोटींत, आवक नाममात्र. कंपनीच्या ताळेबंदात हा खर्च एका ओळीचा असतो आणि ती ओळ एका बैठकीत खोडता येते.

मुंबई गरुडा. प्रो रेसलिंग लीगचा पहिला हंगाम, डिसेंबर २०१५. अंतिम फेरीत हरियाणा हॅमर्सना हरवून विजेते. पुढच्या हंगामात मुंबईचा संघ होता, पण नाव वेगळं: मुंबई महारथी. गरुडांनी विजेतेपद राखायचा प्रयत्न कधी केलाच नाही.

पुणे स्ट्रायकर्स. वर्ल्ड सीरीज हॉकी, २९ फेब्रुवारी ते २ एप्रिल २०१२, आठ संघ. अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबकडून ५-२ हार. या लीगला आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची मान्यता नव्हती. पुढच्या वर्षी हॉकी इंडियानं आपली लीग काढली आणि वर्ल्ड सीरीजचा दुसरा हंगाम झाला नाही. तिचे सामने दोन अर्धांऐवजी चार भागांत खेळवले गेले, तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडली होती. २०१४ च्या सप्टेंबरपासून आंतरराष्ट्रीय हॉकीतही चार भाग आले. आज टीव्हीवर भारताचा सामना बघताना तीनदा विश्रांती होते, ती या न टिकलेल्या लीगनं आपल्याकडं आधीच खेळून दाखवली होती. तेवढं श्रेय तिला द्यायला हवं.

पुणे पेशवाज. बास्केटबॉल, यूबीए लीग. २०१५ ते २०१७. चार हंगाम, पण ते जेमतेम अडीच वर्षांत उरकलेले.

कोल्हापूर टस्कर्स. हा संघ जिवंत आहे, म्हणून तो या यादीत खरं तर नको. तरी लिहितो. क्रिकेटची महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली, पहिल्याच वर्षी केदार जाधवसह आपला संघ अंतिम फेरीत गेला. पाऊस पडला आणि गुणतक्त्यात वर असलेल्या रत्नागिरी जेट्सना चषक मिळाला. सामने पुण्याजवळच्या गहुंजेला. कोल्हापूरच्या माणसाला आपला संघ बघायला दोनशेहून जास्त किलोमीटर जायचं. टस्कर्सचा वर्षाला एक सामना तरी इथं व्हावा, हे मी आत्ताच मागून ठेवतो.

तालमीचं कपाट. पेठेतल्या कुठल्याही जुन्या तालमीत जा. समोर मारुती, शाहू महाराजांची तसबीर, बाजूला काचेचं कपाट. आत ढाली आणि चषक. काहींचं वरचं पाणी उडून आतला करडा पत्रा दिसतो, पण लाकडी पायावरच्या पट्टीत स्पर्धेचं नाव आणि साल अजून वाचता येतं. खालच्या कप्प्यात जर्सीचे जुने संच सुतळीनं बांधलेले, पाठीवरचे आकडे सालपटासारखे सुटत चाललेले. भिंतीवर संघाचे फोटो. बसलेल्या रांगेनं हात गुडघ्यांवर ठेवलेत, मधल्याच्या पायाशी चेंडू, चेंडूवर चुन्यानं लिहिलेलं साल. फोटोत कोण कोण आहे असं विचारायचा अवकाश, झाडणारा माणूससुद्धा हातातला खराटा ठेवून नावं सांगायला लागतो. हा रिक्षा चालवायचा, हा वीज मंडळात लागला, हा मुंबईला खेळायला गेला.

हे संघ वर्गणीवर जगले. वर्ष वाईट गेलं तर जुन्या बुटांवर खेळले. ते बंद करायचा अधिकार कुणा एकाला नव्हताच, कारण ते कुणा एकाचे नव्हते.

आणि तरी या यादीतली शेवटची नोंद आमच्याच गावची आहे. आपल्या पेठेचा गोलकीपर. शाहू स्टेडियमवर आता बक्षिसांच्या रकमा मोठ्या झाल्यात, नेत्यांच्या नावाचे चषक आलेत, नायजेरिया-घानाचे खेळाडू तालमींकडून खेळतात. परदेशी खेळाडूंनी खेळ वेगवान केला, त्यांच्याकडून पोरं शिकली, हे मला दिसतं आणि त्याचा आनंदही आहे. पण हंगामापूर्वी नोंदणीच्या दिवसांत ओढाओढ सुरू होते. गेल्या वर्षी आमच्याकडून अडवणारा हात या वर्षी समोरच्या गोलात असतो. पैसे मिळवण्यात त्या पोराची चूक नाही. त्याच्या गुडघ्याचं आयुष्य किती, हे त्यालाच माहीत. चूक आमची आहे. त्याला टिकवून ठेवणारी नोकरी कुठल्या तालमीनं, कुठल्या कारखान्यानं, कुठल्या बँकेनं अलीकडं दिली? महिंद्रासारखे संघ गेले तेव्हा खेळावर मिळणारी नोकरीही त्यांच्यासोबत गेली. आता खेळाडूच एका हंगामाचा झाला, तर संघ कितीही जुना असला तरी फोटोतली नावं सांगणारा पुढं कुठून यायचा?

इथलं फुटबॉल चालवणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे. कोण कुणाकडून खेळला हे तिच्या जुन्या नोंदवह्यांत, तालमींच्या फोटोंमागं आणि म्हाताऱ्या खेळाडूंच्या तोंडी विखुरलेलं आहे. ते एकत्र लिहून घ्यायला हवं: नाव, पेठ, जागा, साल, पुढं काय केलं. सोबत इथून पुण्या-मुंबईच्या संघांत गेलेल्या, आणि ते संघ मिटल्यावर परत आलेल्या पोरांचीही नोंद हवी. पावसाळ्यात मैदान बंद असतं, तेव्हा प्रत्येक तालमीनं दोन कॉलेजची पोरं या कामाला दिली तरी दसऱ्यापर्यंत ते होईल.