ताशी २२० किलोमीटरने पृथ्वी

खाली बर्फ आहे. पुढे बर्फ, डावीकडे बर्फ, आणि उजवीकडे जिथे आकाश सुरू व्हायला हवे तिथेही बर्फच, कारण आकाशानेही तोच रंग घेतला आहे. क्षितिज नावाची रेघ कुणीतरी ओल्या बोटाने पुसून टाकल्यासारखी गायब आहे. पंख सरळ आहेत की कलले आहेत ते समोरच्या तबकडीत बघायचे. डोळ्यांचे अजिबात ऐकायचे नाही. उंचीमापक अकरा हजार फूट दाखवतो, तरी पांढरे पठार पोटाखाली लागल्यासारखे वाटते. बरोबरच आहे, हे पठारच समुद्रापासून अडीच हजार मीटर उंचावर पसरले आहे. कळसूबाई १६४६ मीटरची. ती इथे आणून ठेवली तर शिखरावरच्या देवळासकट बर्फात गडप होईल आणि वरून कुणाला पत्ताही लागणार नाही!

मी ग्रीनलंडवर आहे आणि चौसाळ्यातही आहे. खिडकीबाहेर धुळे-सोलापूर महामार्गावर ट्रक हॉर्न वाजवत चालले आहेत, आणि समोरच्या पडद्यावर चार आसनांचे सेस्ना १७२ एकट्याने बर्फ ओलांडते आहे. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे पोरांचा खेळ, असे मीही कधीकाळी मानत होतो. पण घड्याळाचा वेग न वाढवता, खऱ्या तासाला खरा तास मोजत, हे विमान ताशी सव्वादोनशे किलोमीटरने पृथ्वीभोवती न्यायला लागलो, आणि ही पृथ्वी किती अवाढव्य आहे ते पहिल्यांदा कळले. नकाशात ती वीतभर असते. जेटमध्ये बसलेला माणूस जेवतो, झोपतो, उतरतो. छोट्या विमानात मात्र प्रत्येक किलोमीटर स्वतःची हजेरी लावून जातो.

ही वाट मी उगाच निवडली नव्हती. मुंबईची आरोही पंडित मे २०१९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सायनस ९१२ नावाच्या हलक्याफुलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडून गेली. स्कॉटलंडमधल्या विकवरून आइसलंड, मग ग्रीनलंडमधले कुलुसुक आणि नूक, शेवटी कॅनडातले इकालुइट. हलक्या क्रीडाविमानातून एकटीने अटलांटिक पार करणारी ती जगातली पहिली स्त्री. तिच्याखालचे बर्फ खरे होते, गारठा खरा होता. माझ्या मागे पंखा चालू होता. एवढा फरक मान्य करून मी तिच्या मागोमाग निघालो होतो.

निघालो ते छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यावरून, आणि पहिल्यांदा दक्षिणेला वळलो. जगाला निघताना आपले गाव वरून बघायचे नाही, हे कसे जमणार? गोदावरी ओलांडली. उजवीकडे नाथसागर चकाकत होता. बीड मागे पडले, मांजरसुंब्याचा घाट खाली वळवळला, बालाघाटाच्या तपकिरी घड्या आल्या आणि महामार्गाच्या काठाला चौसाळा! पण कोणता चौसाळा? सिम्युलेटरवाले उपग्रहाचे फोटो घेतात आणि त्यावर घरे उभी करायचे काम संगणकाला देतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या एका कंपनीने अशा जगभरच्या दीड अब्ज इमारती उभ्या केल्या. दीड अब्ज घरे बांधणाऱ्याला आमचे पत्रे काय दिसणार? त्याने पत्र्याच्या घरांवर उतरती लाल छपरे घातली, देवळाच्या जागी पांढरी तीनमजली इमारत बांधली आणि बोडक्या माळावर हिरवीगार झाडी लावून दिली. बाभळी नाहीत, सीताफळी नाहीत, अनोळखी गुबगुबीत झाडे. रस्त्याचे वळण मात्र इंचभरही चुकलेले नाही. वळण खरे आणि घरे परकी. दोन घिरट्या घालून मी निघालो.

भुजवरून कराची गाठली. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, ती वाट मी साधारण उलटी उडत होतो. त्यांना व्हिसा लागला नाही कारण देश एकच होता, मला लागला नाही कारण देश खोटा होता. पुढे मकरानचा किनारा. मातकट, राखाडी, पिवळट डोंगर, कुठे एक झुडूप नाही, आणि त्यांच्या पायाशी पाचूसारखे निळेहिरवे पाणी. मग ओमान, आणि ओमानमधून आत शिरल्यावर ते वाळवंट, ज्याला अरब लोक ‘रिकामा चौथा हिस्सा’ म्हणतात. साडेसहा लाख चौरस किलोमीटर. आपले अख्खे महाराष्ट्र राज्य तीन लाख आठ हजारांचे. म्हणजे गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंत जे जे काही आहे, त्याच्या दुप्पट नुसती वाळू! तीही सपाट नाही. काही टेकाडे अडीचशे मीटर उंच, म्हणजे देवगिरीच्या डोंगराहून मोठी. संध्याकाळ झाली तशी एक बाजू केशरी पेटली, दुसरी जांभळी काळवंडली. वाळूतल्या लोहामुळे तो तांबडा रंग येतो. तासभर उडालो तरी खाली एक दिवा दिसला नाही.

युरोपाबद्दल सगळ्यांनी लिहिले आहे, मी लिहीत नाही. आल्प्स सुंदर आहे.

विक सोडले आणि पाणी सुरू झाले. सिम्युलेटरमधले हवामानही त्या क्षणाचे खरे असते. स्वित्झर्लंडमधली मेटिओब्लू नावाची कंपनी जगभरचा वारा आणि ढग पुरवते, म्हणजे उत्तर अटलांटिकवर त्या घटकेला जो वारा वाहत असेल तोच माझ्या पंखाला धक्के देतो. विमानाचे नाकाड थरथरते आहे, ढग काचेवर येऊन आपटताहेत, मी दोन्ही हातांनी जॉयस्टिक धरून बसलो आहे, आणि मागून चहाचा कप येतो. मध्येच लाईट गेली तर गंमत वेगळीच. विमान पडत नाही, अख्खा महासागर नाहीसा होतो.

ढग फाटले आणि आइसलंड. वात्नायोकुल नावाची हिमनदी, नदी कसली, चौरस किलोमीटरमध्ये साधारण ७७०० भरेल. आमचा बीड जिल्हा १०,६९३ चा. केज, आष्टी, पाटोदा, माजलगाव असे एकेक तालुके मनातल्या मनात बर्फाखाली घालत गेलो. तिच्या कडेला काळी वाळू, वाळूत निळे हिमखंड. काळ्यावर निळा असा उठतो हे आमच्या काळ्या रानात मी कधी पाहिले नव्हते.

तिथून कुलुसुकपर्यंतचे पाणी मुंबई ते नागपूर या हवाई अंतराहून थोडे जास्तच, आणि वाटेत ना कसारा, ना भुसावळ, ना अकोला. मग सुरुवातीला सांगितलेले ते पांढरे पठार. आणि पठार उतरून नूकला पोचलो तर रंगांची उधळण! करड्या खडकांवर लाल, पिवळी, निळी, हिरवी लाकडी घरे. या रंगांना पूर्वी अर्थ होता. लाल म्हणजे दुकान किंवा चर्च, पिवळे म्हणजे दवाखाना, निळे म्हणजे मासळीचा कारखाना, काळे म्हणजे पोलीस. बर्फाच्या वादळात पाटी वाचता येत नाही, रंग दिसतो. साऱ्या ग्रीनलंडमध्ये माणसे छप्पन हजार. आमच्या एका बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत पंचवीस लाखांवर होती. तिथल्या माणसाच्या वाट्याला केवढे आकाश येत असेल!

कॅनडात नजर टाकावी तिथे तळी. पण मी थक्क झालो ते शिकागोला. हे शहर सिम्युलेटरवाल्यांची जुनी काशी. ब्रूस आर्टविक या माणसाने रचलेला पहिला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आला, आणि तेव्हापासून कित्येक वर्षे कार्यक्रम चालू केला की विमान शिकागोच्या तळ्याकाठच्या मेग्ज फील्डवरच उभे असायचे. जगभरच्या हजारो पोरांनी पहिले उड्डाण त्या धावपट्टीवरून केले. मार्च २००३ मध्ये एका मध्यरात्री शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर पाठवून ती धावपट्टी उखडून टाकली. मी वरून बघितले तर तिथे आता गवत.

आणि गवतापलीकडे मिशिगन सरोवर. पैलतीर दिसत नाही. लाटा आहेत, जहाजे आहेत, क्षितिज आहे, समुद्राची सगळी लक्षणे आहेत. क्षेत्रफळ ५८ हजार चौरस किलोमीटर. आमचा मराठवाडा आठही जिल्हे मिळून ६४ हजारांच्या आसपास. आजीला हाक मारली. ती पदराने चष्मा पुसत येऊन बसली.

“समुद्र हाय व्हय रं?”

“नाही आजी, तळं आहे.”

“खारं?”

“गोडं.”

ती बराच वेळ बघत राहिली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि ते बघायला फलाटावर गर्दी. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात टँकरमागे घागरी पळत होत्या. आणि इथे मी तासाहून जास्त वेळ नुसत्या पिण्याच्या पाण्यावरून उडतो आहे!

“आन् एवढं पितं कोन?” आजीने विचारले. उत्तर द्यायला मी तोंड उघडले, तोवर ती उठून गेली होती.

अलास्कातल्या नोमवरून निघालो. पॅसिफिक मधोमध ओलांडणे या विमानाच्या टाकीला झेपत नाही. हवाईपर्यंत जवळजवळ चार हजार किलोमीटर पाणी आहे आणि सेस्ना फार तर अकराबाराशे जाते. जेरी मॉक या अमेरिकन गृहिणीने १९६४ मध्ये सेस्ना १८० मध्ये जादा टाक्या बसवून ते पाणी पार केले. एकोणतीस दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा, एकटीने प्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री, आणि वाटेत दिल्ली-कलकत्त्यालाही उतरली होती. मी सोपी वाट धरली, बेरिंगची सामुद्रधुनी. तिच्या मधोमध दोन बेटे आहेत, धाकटे डायोमीड अमेरिकेचे, थोरले रशियाचे. दोघांत चार किलोमीटरही अंतर नाही, आणि त्या फटीतून तारीखरेषा जाते. मी डाव्या खिडकीतून शुक्रवार बघतो आहे आणि समोरच्या काचेतून शनिवार! दोन्हींवर एकच धुके, एकच पक्षी. मिनिटभरात शुक्रवार संपला, जगायच्या आतच अर्धाअधिक गेला. हे घरात सांगितल्यावर आजीने लगेच मुद्द्याला हात घातला, “मधी एकादस आली तर उपास धरायचा का सोडायचा?” धर्मसिंधू लिहिणाऱ्या काशीनाथशास्त्र्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसणार.

कामचाटकाचे धुराडे ज्वालामुखी, जपानचे रेखीव डोंगर, दक्षिण चीनचा पाऊस, सगळे झरझर मागे टाकले, कारण मला लुक्ला गाठायचे होते. नेपाळमधली ही धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब आणि चक्क चढाची. एका टोकाला डोंगराची भिंत, दुसऱ्या टोकाला दरी. चुकलो तर परत फिरायला जागा नाही. दरीत शिरलो आहे. विमान चौदा हजार फुटांच्या वर जायला तयार नाही, आणि दोन्ही बाजूंचे कडे त्याच्याही वर, आणखी वर, मान मोडेपर्यंत वर चालले आहेत. सह्याद्रीत डोंगर बघताना आपण माथा बघतो. इथे माथा ही अफवा आहे. नदी खाली दोरीएवढी. वळण घेतले आणि समोर डोंगराच्या पोटावर चिकटवलेली ती पट्टी. खाली, खाली, थ्रॉटल मागे, नाक वर, धप्प! चढावर चाके लागली आणि विमान आपोआप मंदावत भिंतीपुढे थांबले. माझ्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

त्यानंतर मी घरी येऊन गप्प बसणार होतो. पण तोवर गल्लीत बोभाटा झाला होता, आणि शेजारचे एक काका येऊन खुर्ची ओढून बसले. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी ऊसतोडीत काढली, दिवाळी झाली की कोयता घेऊन सांगलीकडे. विमानात ते कधी बसलेले नाहीत. म्हणाले, “आमच्या कारखान्यावर ने.” निघालो. पंधरा मिनिटांत बार्शी. “ट्रॅक्टरला इथवर यायला जीव जायचा,” काका म्हणाले. उजव्या हाताला लांब उजनीचे पाणी, मग पंढरपूर, सांगोल्याची कोरडी रानं, आणि मिरजेच्या पुढे एकदम हिरवे. मला ते नुसते हिरवे-तपकिरी ठिगळांचे गोधड दिसत होते. काका पडद्याच्या अगदी जवळ गेले.

“ह्यो फोटू फाल्गुनातला हाय.”

“कशावरून?”

“निम्मं रान मोकळं झालंय की. ह्यो तुटून गेलाय, पाचट पेटवल्यालं काळं दिसतंय बघ. ह्यो खोडवा, नुकता फुटलाय. ही पट्टी उभी हाय, हिला अजून टोळी मिळाली न्हाई.”

जगाचे फोटो घेणाऱ्यांनी तारीख कुठे लिहिली नव्हती. मी फ्लॅप सोडले, वेग उतरवला, सहाशे फुटांवर आलो. कृष्णा रुंद होऊन समोर आली. काकांचे बोट काचेवर टेकले होते.

“अजून खाली घे. पुलाच्या पल्याड, वढ्याच्या कडंला. तिथं आमच्या कोप्या असायच्या. डावीकडं, डावीकडं रं!”

मी डावीकडे कललो.