दांड्यावरून वर बघा!

खार स्टेशनला वेस्टला उतरा, रिक्षावाल्याला 'दांडा' म्हणा, आणि थोड्याच वेळात मुंबई बदलते. कार्टर रोडची कॉफी मागे राहते नि नाकात शिरतो सुक्या बोंबलांचा वास. नाक मुरडू नका बॉस, खारदांड्याची ओळखच ती! चिंचोळ्या गल्ल्या, दारात जाळी, समोर समुद्र. आणि डोक्यावर? हेलिकॉप्टर!

कारण उत्तरेला जुहूचा विमानतळ. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले होते. आज इथून हेलिकॉप्टरं समुद्रातल्या तेलविहिरींकडे जातात.

आपल्याला वाटतं, पायलटने बटण दाबलं की उडाला. छे! आधी फ्लाइट प्लॅन. कुठून, कुठे, किती वाजता, कुठल्या मार्गाने. शिवाय इंधन किती तास पुरेल, माणसं किती, लाइफ जॅकेट आहेत का, आणि विमानाचा रंगही! मुंबईसारख्या नियंत्रित हवाई हद्दीत हे सक्तीचं. वर हवाई दलाचा एडीसी क्रमांकही लागतो. अमेरिकेत मात्र हवा स्वच्छ असेल आणि पायलट डोळ्यांनी बघून उडणार असेल, तर देशातल्या देशात बहुतेक वेळा प्लॅन ऐच्छिक. ढगांत, उपकरणांच्या भरवशावर नियंत्रित हद्दीत शिरायचं तर सक्तीचा.

मग ऐच्छिक असताना कशाला भरायचा? रंगाचा रकाना आठवा. तो शोधणाऱ्यांसाठी असतो. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात विमान पोचलं नाही, तर चौकशी सुरू होते. प्लॅनच नसेल, तर उशीर झालाय हे कळणार कुणाला? 13 जानेवारी 2018 ला जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. सातही जण गेले. कागद माणूस वाचवतोच असं नाही. पण शोध लगेच सुरू होतो.

दांड्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. 26/11 नंतर कोळ्यांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, मासेमारीला जाण्याआधी टोकन आलं. पण बोंबील उलटवणाऱ्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "कागूद आता आला रे बाबा. कोन कोन गेला, कवा येनार, ते घरात आधीपासून म्हाईत असतंच." होडीला उशीर झाला की किनाऱ्यावरचे डोळे आधी समुद्राकडे वळतात.

जाल तर संध्याकाळी जा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या काठावरच दिसतील. लोकांचे फोटो विचारून काढा, आणि बोंबील घेतल्याशिवाय परतू नका.

आणि हो, पुढच्या शनिवारी सह्याद्रीत ट्रेकला निघाल तेव्हा घरच्या ग्रुपवर चार ओळी टाका. कुठला गड, सोबत कोण, परत कधी. सक्ती कुणाचीच नाही. पण तुमची वाट बघणाऱ्याला घड्याळ कधी बघायचं, ते तरी कळेल!