जयगडला टाकलेला नांगर

आमच्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी कोकणी मुसलमान शिडाच्या गलबतांवर खलाशी होते. त्यांच्या गोष्टी ऐकत आम्ही दोघे भाऊ वाढलो, पण पोट भरले ते मुंबईच्या नोकरीवर. चाळिशी ओलांडल्यावर भागीत एक जुनी शिडाची होडी घेतली. ३२ फुटांची, फायबरची, १९७९ साली बांधलेली.

दोन हिवाळे ती मुंबई बंदरातच फिरवली. गेल्या फेब्रुवारीत ठरवले, गोव्याला जायचे. अंतर सुमारे २२० सागरी मैल, म्हणजे ताशी ५ मैलांच्या चालीने जवळजवळ दोन दिवस, दोन रात्री. सोबत १७ वर्षांचा भाचा. निघताना आपा एवढेच म्हणाली, "मुलगा तुमच्या हवाली आहे."

फजरची नमाज पढून नांगर उचलला. खांदेरीचे दीपगृह मागे पडले, दुपारी जंजिऱ्याच्या बाजूने गेलो. किनाऱ्याजवळ मासेमारीची जाळी फार, म्हणून १५ मैल बाहेरून चाललो होतो. दुपारनंतर वायव्येचा वारा वाढला. शीड लहान करायला हवे, असे दोघांनाही वाटले. पण होडी सुरेख पळत होती, "अजून थोडा वेळ" म्हणत राहिलो. शेवटी मगरिबनंतर अंधारात ते काम करावे लागले. कमरेचा पट्टा होडीला बांधून डोलकाठीपाशी उभे राहिलो, तरी पाय ठरत नव्हते. दिवसा दहा मिनिटांचे काम, पाऊण तास लागला.

मध्यरात्रीनंतर वारा एकदम पडला, लाटा मात्र तशाच. इंजिन सुरू केले. वीस मिनिटे चालून ते बंद पडले. डावीकडे दूर जयगडच्या दीपगृहाचा प्रकाश फिरत होता, आणि उजवीकडून एका मालवाहू जहाजाचे दिवे जवळ येत होते. रेडिओवरून जहाजाला आमची जागा सांगितली. उत्तर येईपर्यंतची ती दोन-तीन मिनिटे आम्ही विसरणार नाही. जहाजाने दिशा बदलली.

मग टॉर्च तोंडात धरून डिझेलचा फिल्टर उघडला. आत काळा, चिकट गाळ. अर्ध्या भरलेल्या टाकीत हवेतला ओलावा पाणी होऊन तळाशी साचतो, आणि पाणी व डिझेल मिळतात तिथे हा गाळ वाढतो. बंदरातल्या शांत पाण्यात तो तळाशी पडून होता. दिवसभराच्या लाटांनी ढवळून वर आला. होडी घेताना रंग, शिडे, गाद्या सगळे नवे केले होते. टाकी एकदाही उघडून पाहिली नव्हती.

फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली, इंजिन चालले. तासाभरात पुन्हा बंद. जवळचे दोन्ही फिल्टर संपले.

उजाडल्यावर आम्हा भावांत वाद झाला. गोव्यात नातेवाईक वाट पाहत होते, सगळ्यांना सांगून निघालो होतो. भाचा हळूच म्हणाला, "मामू, आज रात्री पुन्हा जहाज आलं तर?" दोघेही गप्प झालो. समुद्रावरून वारा सुटताच शिडे चढवली आणि दुपारी जयगडच्या खाडीत नांगर टाकला.

तिथल्या एका वृद्ध तांडेल चाचांनी टाकी रिकामी करायला मदत केली. तळाशी गाळ आणि दोन बादल्या पाणी निघाले. चाचा म्हणाले, "होडी जुनी असली तरी चालते रे. मालकाला तिच्या पोटात काय आहे ते ठाऊक पाहिजे."

जुनी होडी घेऊन बाहेर जाणाऱ्यांना आम्ही आता एवढे सांगतो. आधी टाकी उघडा आणि ती भरलेली ठेवा. फिल्टर दोन नव्हे, सहा न्या. पाण्याखालच्या प्रत्येक भोकाशी त्या मापाची लाकडी गुडदी बांधून ठेवा. शीड लहान करण्याचा विचार मनात आला, की तीच वेळ समजा. आणि वाटेतली बंदरे आधीच हेरून ठेवा, म्हणजे वळताना कमीपणा वाटत नाही.

संध्याकाळी आपाला फोन केला. जहाजाची गोष्ट लपवावी असे वाटत होते, पण अमानत तिची होती, सगळे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारले, "तिघं जेवलात का?"